कोड्यातला पत्ता लिहिलेलं कार्ड पोचतं का?

शाई_सांडली:
मी आणि एक मैत्रीण अधूनमधून एकमेकींना पोस्टकार्ड टाकतो, आता नुसत्या कार्डाचा कंटाळा आला म्हणून ठरवलं की पत्ता कोड्यात लिहायचा, म्हणजे नावाऐवजी चित्र, घरनंबर गणितात, असं. पहिलं कार्ड मी सगळंच उलट्या अक्षरांत लिहिलं, आरशात धरून वाचायचं, ते पाच आठवडे गायब आहे 😭 किती खेळ केला तर चालतो?

अर्धं_पाकीट:
पिनकोडही उलटा लिहिलास का? मग विसर ते कार्ड. मोठ्या केंद्रात पत्ता आधी मशीन वाचतं, त्याला नाही जमलं तर त्याचा फोटो कुठल्यातरी ऑपरेटरच्या स्क्रीनवर जातो आणि त्याच्यामागे अशा फोटोंची रांग लागलेली असते, तो काय तुझं कोडं सोडवत बसणारे? पिनकोड, गाव, देश स्वच्छ लिहायचं, बाकी वरच्या ओळींत काय घालायचा तो गोंधळ घाल, कारण त्या शेवटच्या पोस्टमनने वाचायच्या असतात आणि त्याला घरं पाठ असतात. २०१६ मध्ये आइसलँडमधे एक पत्र पोचलं त्यावर ना नाव ना रस्ता, नुसता हाताने काढलेला नकाशा आणि घोड्यांचं फार्म, जोडपं, तीन मुलं, भरपूर मेंढ्या असलं वर्णन. सगळे नकाशाचं कौतुक करतात पण देश आणि गाव त्यावर सरळ लिहिलं होतं हे कोणी बघत नाही.

खलिता:
इंग्लंडमधे रेजिनाल्ड ब्रे नावाचा एक अवलिया होता (१८७९-१९३९), त्याने १८९८ मध्ये पोस्टाचं नियमांचं पुस्तक विकत घेतलं आणि नियमात बसवून काय काय पाठवता येतं ते बघायचा नादच लागला त्याला. सलगमवर पत्ता कोरून, सशाच्या कवटीवर लिहून, अगदी स्वतःलाही पोस्ट केलं 😄 पण आधी नियम वाचले हे महत्त्वाचं.

टपालखाऊ:
मला हे फारसं पटत नाही हां. पत्ता अर्धवट असणं वेगळं आणि मुद्दाम अर्धवट करणं वेगळं. अमेरिकेच्या डेड लेटर ऑफिसात (पत्ता न लागलेली पत्रं जायची तिथे) पॅटी लाइल कॉलिन्स म्हणून बाई होत्या, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, असले पत्ते उलगडण्यात एकदम वाकबगार. एका पाकिटावर नाव आणि पुढे फक्त 'स्टॉक', बाईंनी आडनाव मार्बरी बघितलं, या आडनावाचे लोक मॅसॅच्युसेट्सच्या स्टॉकब्रिजमधे बरेच आहेत हे त्यांना माहीत होतं, पत्र तिकडे. ते लिहिणाऱ्याला खरंच नीट येत नव्हतं हो. तुम्हाला येतंय. आणि पाठवणाऱ्याचा पत्ता तरी साध्या अक्षरात टाका, निदान परत तरी येईल.

शाई_सांडली:
पिनकोड उलटाच होता 🙈 आणि माझा पत्तापण, तोही उलटा. टपालखाऊ, रागावू नका, पुढच्या कार्डावर कोडं फक्त नावाचं ठेवते, तिच्या घरात राहणारी ती एकटीच आहे.

अर्धं_पाकीट:
मग ते कोडं कुठे राहिलं 😂