दुसऱ्या ताऱ्याजवळ वस्ती: अडतंय कुठे? (तिघांचा वाद, टोपणनावांनी)

बिनचाकी: सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा, प्रॉक्सिमा सेंटॉरी, ४.२४ प्रकाशवर्षं लांब. १९७७ साली सुटलेलं व्हॉयेजर-१ यान सेकंदाला १७ किमी वेगाने पळतंय. त्या चालीने तिथे पोचायला ७५ हजार वर्षं. (ते त्या दिशेने जातही नाहीये, ते सोडा.) पण ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटीने १९७३ ते ७८ दरम्यान 'डिडॅलस' यानाचा आराखडा केला होता. ड्युटेरियम (जड हायड्रोजन) आणि हेलियम-३ (हलका हेलियम) यांचं संमीलन, म्हणजे अणुकेंद्रकं जोडून ऊर्जा; वेग प्रकाशाच्या १२ टक्के, प्रॉक्सिमाहून थोडा लांबचा बर्नार्डचा तारा पन्नासेक वर्षांत. एका आयुष्यात बसतं की! इंजिन तेवढं जमवा.

उलटतपासणी: पोचतं, थांबत नाही. डिडॅलसमध्ये माणसं नव्हती आणि वेग कमी करायची सोयही नव्हती. ताऱ्याजवळून सुसाट पुढे. इंधन ५० हजार टन, तेही फक्त वेग घ्यायला. प्रकाशाच्या १० टक्के वेगाने जाणाऱ्या एक किलो वजनात हिरोशिमाच्या सुमारे सात बॉम्बइतकी ऊर्जा असते. वस्ती करायची तर ती सगळी जिरवायला हवी.

बिनचाकी: चुंबकीय शीड आहे ना. अतिवाहक (विजेला अजिबात रोध न करणाऱ्या) तारेचं प्रचंड कडं उघडायचं, अवकाशातले विद्युतभारित कण त्याच्या चुंबकीय क्षेत्रावर आपटतात, यान मंदावतं. इंधन शून्य.

उलटतपासणी: कागदावर.

काठावरची: वेगावर किती भांडाल! अमेरिकेत अ‍ॅरिझोनातलं बायोस्फिअर-२ आठवा, आतच हवा-पाणी-अन्न तयार करायचं असं हवाबंद काचघर. १९९१ मध्ये आठ जण दोन वर्षांसाठी आत गेले. ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १४.५ च्या आसपास उतरला. मातीतले जीवाणू तो वापरून कार्बन डायऑक्साइड सोडत होते, आणि तो काँक्रीट गिळत होतं, त्यामुळे कुठे गळतंय तेच कळेना. शेवटी बाहेरून ऑक्सिजन भरला. यानाला 'बाहेर' कुठलं?

बिनचाकी: काँक्रीटची चूक कळली, पुढच्या वेळी टाळू. अवकाश स्थानकावर पाण्याचा ९८ टक्के पुनर्वापर २०२३ मध्ये साधलाय.

काठावरची: आणि जेवण अजून पृथ्वीवरूनच जातं. उरलेल्या २ टक्क्यांचा हिशेब पन्नास वर्षांसाठी करून बघा. मी म्हणते, असं बंद घर आधी सूर्याभोवतीच पन्नास वर्षं चालवा. बिघडलं तर मदत पोचते. इंजिन मागाहून जोडू.

बिनचाकी: तोवर हातावर हात ठेवून बसायचं? डिडॅलसचं हेलियम-३ गुरूच्या वातावरणातून काढायचं होतं, तरंगत्या यांत्रिक कारखान्यांनी, वीस वर्षं खपून. ते काम आजच सुरू करायला हवं.

उलटतपासणी: हे पटलं. शिडाचं नाही.