विंडशील्डला चांदणीसारखा टवका: रेझिन भरून घ्यावं की काच बदलावी? (बीएमडब्ल्यू ७ सिरीज)

निळी_सेडान:

नमस्कार मंडळी. गाडी बीएमडब्ल्यू ७ सिरीज. हेड-अप डिस्प्ले (वेग वगैरे आकडे काचेवर दाखवणारा), आरशामागे कॅमेरा आणि रेन सेन्सर, अकूस्टिक (आवाज कमी करणारी) काच. पुढच्या ट्रकच्या चाकातून उडालेला खडा विंडशील्डला लागला. पट्टी लावून मोजलंय ते असं:

मधला खड्डा साधारण ३ मिमी. त्यातून तीन तडे चांदणीसारखे फुटलेत, सर्वांत लांब २२ मिमी. एकूण पसारा ३० मिमी. जागा आरशाच्या खाली: खड्ड्याच्या मध्यापासून कॅमेऱ्याच्या काळ्या चौकटीची खालची कड ९ सेमी वर आहे, आणि स्टिअरिंगच्या मध्यरेषेपासून खड्डा ३६ सेमी बाजूला आहे. आतून नख फिरवलं तर काच गुळगुळीत लागते. चार दिवस झाले. दुसऱ्या दिवशी वरून पारदर्शक चिकटपट्टी लावली, पण त्याआधी एकदा पाऊस लागला.

एका वर्कशॉपमध्ये म्हणाले, एवढ्या गाडीला रेझिन (तड्यात भरून घट्ट करायचा पातळ गोंद) कशाला, सरळ काच बदला. दुसरीकडे म्हणाले, अर्ध्या तासात भरून देतो. हेड-अप आणि कॅमेऱ्याचं काय होईल? निर्णय नक्की कशावर घ्यायचा?

काचकाम:

गाडी महाग आहे हे काच बदलायचं कारण होऊ शकत नाही. उलट अशा गाडीत कारखान्यात बसवलेली काच वाचवता येत असेल तर आधी तेच बघावं. ती एकदा कापून काढली की गोंद, रबर पट्ट्या, सेन्सर, कॅमेरा सगळं नव्याने जुळवावं लागतं, आणि त्यातली कुठलीही पायरी चुकू शकते.

लोक आकारापासून सुरुवात करतात. मी आकार शेवटी बघायला सांगेन. आधी जागा, मग खोली, मग आत शिरलेला मळ, आणि मग मिलीमीटर.

जागा. काचेच्या कडेपासून पाचेक सेंटिमीटरच्या पट्ट्यात लागलेला मार वाईट. काच वाकवून बनवताना कडेजवळ ताण उरलेला असतो, तिथला तडा थांबत नाही. दुसरी वाईट जागा ड्रायव्हरच्या नजरेसमोरची. रेझिन भरल्यावर ताकद परत येते, पण डाग पूर्ण जात नाही, आणि समोरच्या गाडीचे दिवे रात्री त्या डागावर फुटतात. अमेरिकेतलं विंडशील्ड-दुरुस्तीचं रोलॅग्ज मानक ड्रायव्हरसमोरचा सुमारे ३० सेमी रुंदीचा, वायपर फिरतो तेवढ्या उंचीचा पट्टा वेगळा काढतं आणि तिथे २५ मिमीच्या वरचा मार भरू देत नाही. ब्रिटिश बीएस एयू २४२ए आणखी कडक आहे, २९ सेमीच्या पट्ट्यात फक्त १० मिमी. तुमचा खड्डा मध्यरेषेपासून ३६ सेमीवर, म्हणजे दोन्ही हिशोबांनी त्या पट्ट्याच्या बाहेर.

खोली. विंडशील्ड म्हणजे दोन काचा. बाहेरची सुमारे २ मिमी, आतली तेवढीच किंवा थोडी पातळ, आणि मध्ये पीव्हीबी या प्लॅस्टिकचा चिवट थर, साध्या काचेत ०.७६ मिमीचा. रेझिन फक्त बाहेरच्या काचेत भरतात. आतली काच तडकली असेल किंवा पीव्हीबी फाटला असेल तर विषय संपला, बदला. नखाला काही लागत नाही हे चांगलं लक्षण. तरी अंधार पडल्यावर काचेमागे काळं कापड धरा आणि बाहेरून टॉर्च तिरका मारा. तडे चांदीसारखे चमकले तर आत हवा आहे, म्हणजे रेझिन जायला वाट आहे. खड्ड्याभोवती दुधी ढग दिसला तर ओल शिरली आहे किंवा पीव्हीबी काचेपासून सुटायला लागला आहे. ओल वाळवता येते, सुटलेला थर चिकटवता येत नाही.

मळ. तुमची खरी काळजी हीच, कारण पट्टी पावसानंतर लागली. तरी चार दिवस म्हणजे उशीर नाही. आता गाडी धुवायची नाही, काचेवर शाम्पू किंवा वॅक्स नको. नेलपॉलिश, सुपरग्लू तर अजिबात नको. सुपरग्लू तड्याच्या तोंडातच घट्ट होतो आणि मग खरं रेझिन आत जात नाही.

आकार. रोलॅग्जप्रमाणे चांदणी ७५ मिमीपर्यंत, वर्तुळासारखा गोल मार (बुल्सआय) २५ मिमीपर्यंत, सुटा तडा ३५ सेमीपर्यंत भरता येतो. तुमची चांदणी ३० मिमी. दिलेल्या मापांवरून भरून घ्या असंच म्हणेन.

फक्त "अर्ध्या तासात" म्हणणाऱ्याला विचारा की ओल कशी काढणार. आधी हलकी ऊब देऊन आणि व्हॅक्यूम ओढून तडे कोरडे करायला हवेत, आणि काच पुन्हा निवल्यावरच रेझिन घालायचं. गरम काचेत तडे मिटतात, रेझिन टोकापर्यंत पोचत नाही. मग पंप लावून व्हॅक्यूम, दाब, पुन्हा व्हॅक्यूम, पुन्हा दाब, अशा फेऱ्या. चांदणीचे पाय बारीक असतात, त्यांना पातळ रेझिन लागतं. वरचा खड्डा शेवटी घट्ट रेझिनने भरून त्यावर प्लॅस्टिकची चकती ठेवून यूव्ही दिवा लावतात, आणि सुकल्यावर ब्लेड काचेला काटकोनात धरून जादा रेझिन खरवडतात. हे सगळं सावलीत. उन्हातल्या यूव्हीने रेझिन वाटेतच घट्ट होतं.

कॅमेरा_आणि_कोन:

वरच्या उत्तराशी सहमत, कॅमेरा आणि हेड-अपबद्दल भर घालतो.

कॅमेरा सगळ्या काचेतून बघत नाही. काळ्या ठिपक्यांच्या पट्ट्यात त्याच्यासाठी एक पारदर्शक खिडकी सोडलेली असते, साधारण समलंब चौकोनी. त्या खिडकीत मार असेल तर तो २ मिमीचा असला तरी काच बदला, कारण भरलेल्या जागी प्रकाश थोडा वाकतो आणि कॅमेऱ्याला ते कळत नाही. तुमचा खड्डा तिथून ९ सेमी खाली आहे, तेव्हा त्याची अडचण नाही. आणि भरून घेतल्यावर कॅलिब्रेशन (कॅमेऱ्याचा कोन पुन्हा जुळवणं) लागत नाही, काच आणि कॅमेऱ्याचा ब्रॅकेट जागचे हललेलेच नसतात.

काच बदलली तर मात्र कॅलिब्रेशन टाळू नका. डॅशवर एरर आली नाही म्हणून कोन बरोबर आहे असं होत नाही. कॅमेरा एका अंशाने फिरला की १०० मीटरवर ती चूक पावणेदोन मीटर होते, म्हणजे जवळपास अर्धी लेन. काही गाड्यांचं कॅलिब्रेशन उभ्या गाडीवर, समोर ठरलेल्या अंतरावर फलक ठेवून होतं. त्यासाठी सपाट जमीन हवी, टायरची हवा बरोबर हवी आणि डिकी रिकामी हवी. काहींचं ठळक लेनपट्टे असलेल्या रस्त्यावर चालवून होतं, काहींना दोन्ही लागतात. कोणतं लागतं ते गाडीच्या निदान-यंत्रात स्पष्ट लिहून येतं, मेकॅनिकच्या अंदाजावर सोडू नका.

हेड-अपची काच दिसायला इतर काचांसारखीच, पण तिच्यातला पीव्हीबी खालून वर किंचित जाड होत जातो. पाचरीसारखा. आकड्यांचं प्रतिबिंब काचेच्या आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन पृष्ठांवरून येतं, ती दोन प्रतिबिंबं एकावर एक बसावीत म्हणून ही पाचर. साधी काच बसवली तर वेगाच्या आकड्याच्या वर एक फिकट दुसरा आकडा दिसतो, आणि तो कुठल्याही सेटिंगने जात नाही. काच बदलायचीच वेळ आली तर आधी हे तपासा.

निळी_सेडान:

दोघांचेही आभार. एक बदल झालाय. आज दुपारी गाडी उन्हात होती, निघताना एसी जोरात लावला, आणि वर जाणारा तडा २२ वरून ४१ मिमी झाला. रोख कॅमेऱ्याच्या चौकटीकडे आहे. अजूनही भरता येईल का?

काचकाम:

येईल. पण उद्याच.

चौकटीपर्यंत ९० मिमी होते, त्यातले ४१ गेले, उरले ४९. एवढाच वेळ तुमच्याकडे आहे असं समजा.

तापलेल्या काचेचा एक भाग एकदम गार झाला की तो आकसायला बघतो, भोवतालची गरम काच त्याला आकसू देत नाही, आणि त्या ओढाताणीत तड्याचं टोक फाकतं. दुसरं कारण पाणी. तड्याच्या टोकाशी पाण्याचा अंश असला की काचेतले सिलिकॉन-ऑक्सिजनचे बंध कमी ताणातही तुटतात. म्हणून ओलसर हवेत उभ्या गाडीचा तडासुद्धा हळूहळू सरकतो.

आज रात्रीपुरतं: गाडी सावलीत ठेवा, एसीचा झोत पायांकडे वळवा, दार लावताना एखादी खिडकी बोटभर उघडी ठेवा, कारण बंद गाडीत दार आपटलं की आतल्या हवेचा धक्का थेट काचेला बसतो. खडबडीत रस्ता शक्यतो टाळा. तड्याच्या टोकाशी आतल्या बाजूने मार्करने बारीक रेघ मारा. सकाळी टोक रेघेच्या पुढे दिसलं तर तडा अजून चालू आहे.

भरणाऱ्याला हा लांबलेला पाय आधी दाखवा. नुसता मधल्या खड्ड्यातून दाब दिला तर रेझिन त्या टोकापर्यंत जाईलच असं नाही. आतल्या बाजूने काच अंगठ्याने हलकी रेटली की तडा केसभर उघडतो आणि रेझिन आत सरकताना डोळ्यांना दिसतं, चमकणारी रेघ टोकाकडे विझत जाते. ती टोकाला पूर्ण विझली पाहिजे. दोन मिलीमीटर जरी चमकत राहिले तरी तडा तिथूनच पुढे निघतो. तडा कॅमेऱ्याच्या खिडकीत शिरलाच, तर मग माझंही उत्तर "बदला" असेल.

प्रायमर_पट्टा:

बदलायची वेळ आली तर काय बघायचं ते एका जागी लिहून ठेवतो, कारण अशा गाड्यांचं नुकसान बहुतेक वेळा काच बदलताना होतं.

भाग-क्रमांक चॅसिस नंबरवरूनच काढायचा. एकाच मॉडेलला अनेक काचा असतात: अकूस्टिक, हेड-अपची, गरम होणारी, उष्णता परतवणाऱ्या धातूच्या थराची, आणि यांच्या जोड्या. धातूच्या थराची काच असेल तर आरशाजवळ टोलच्या टॅगसाठी एक मोकळी जागा असते, टॅग तिथेच लावायचा.

काचेच्या कोपऱ्यातला छाप वाचा. वर्तुळातला ई आणि देशाचा आकडा, ४३आर हा गाड्यांच्या काचांचा नियम, आणि रोमन दोन म्हणजे साधी लॅमिनेटेड (दोन काचांमध्ये थर असलेली) विंडशील्ड. अकूस्टिक काचेवर बहुधा तो शब्द किंवा कानाचं चिन्ह असतं. बाजारातली दुसऱ्या ब्रँडची काच वाईटच असते असं नाही, सेकुरिट, पिल्किंग्टन, एजीसी हे कारखान्यांनाही काच पुरवतात. पण हेड-अपच्या गाडीत पाचर आणि ब्रॅकेटची खात्री नसेल तर मूळ काचच घ्यावी.

जुनी काच कापताना बॉडीवरचा जुना युरेथेन (काच चिकटवणारा गोंद) पूर्ण खरवडायचा नाही. एक-दोन मिलीमीटरचा थर ठेवून त्यावर नवा लावतात, पकड तिथे सर्वांत चांगली बसते. चाकूचा ओरखडा रंगाच्या खाली पत्र्यापर्यंत गेला तर तिथे प्रायमर (गोंदाआधी लावायचा संरक्षक लेप) हवाच. नाहीतर गोंदाखाली गंज धरतो, दोन पावसाळ्यांनी पाणी झिरपायला लागतं, आणि तोवर मूळ कारण कुणाच्या लक्षात राहत नाही. ॲल्युमिनियमचे भाग किंवा काचेत अँटेना असेल तर वीज न वाहणारा युरेथेन लागतो, डब्यावर ते लिहिलेलं असतं. डब्यावरची तारीखही बघा, मुदत संपलेला युरेथेन नीट घट्ट होत नाही.

रेन सेन्सरची जेलची गादी नवी घ्यायची. जुनी परत दाबली की बुडबुडे राहतात, आणि वायपर कोरड्या काचेवर फिरतात किंवा पावसात गप्प बसतात.

आणि घाई करू नका. युरेथेन हवेतल्या आर्द्रतेवर घट्ट होतो, त्यामुळे थंड, कोरड्या हवेत जास्त वेळ लागतो. किती तास थांबायचं ते त्या गोंदाच्या तक्त्यात तापमानाप्रमाणे दिलेलं असतं, तो तक्ता मागून बघा. शेजारच्या सीटची एअरबॅग फुगताना विंडशील्डवर टेकून प्रवाशाकडे वळते. गोंद कच्चा असेल तर काच बाहेर जाते आणि एअरबॅगला टेकायला काही उरत नाही. मला या कामातली सर्वांत गंभीर चूक हीच वाटते.

निळी_सेडान:

रेघ मारून ठेवली आहे. उद्या सकाळची वेळ घेतली. काम बरोबर झालं की नाही हे तिथेच कसं ओळखू?

काचकाम:

यूव्ही दिवा लावण्याआधी दोन मिनिटं मागून घ्या. आत बसा, काचेपलीकडे गडद काहीतरी असू द्या, आणि डोकं हलवत तीनही पायांकडे वेगवेगळ्या कोनांतून बघा. कुठल्याही कोनातून चांदीसारखी रेघ चमकली तर तिथे हवा आहे, पंपाची आणखी एक फेरी मारायला सांगा. मधल्या खड्ड्यात बुडबुडा दिसला तरी तेच. खड्ड्याभोवती पाकळ्यांसारखा ठसा उमटायला लागला तर दाब किंवा ऊब जास्त झाली आहे, लगेच थांबवा.

दिवा लावल्यानंतर हे करता येत नाही. घट्ट झालेलं रेझिन तड्यातून काढता येत नाही, त्यामुळे त्याच पायात दुसऱ्यांदा भरता येत नाही.