ओस्त्रानेनिये : मराठीत काय म्हणायचं?

रशियन समीक्षक व्हिक्तर श्क्लोव्स्कीवर लिहितोय. सवयीच्या वस्तूकडे नव्यानं बघायला लावणं, या त्याच्या 'ओस्त्रानेनिये'ला समीक्षेत 'अपरिचितीकरण' म्हणतात, पण ते वाचून सरकारी जीआर वाचल्यासारखं वाटतं. दुसरं काही सुचतंय का? 'दूरीकरण' कसं वाटेल?

—

दूरीकरण नको. रशियनमध्ये मध्ये एक 'त' घातला की 'ओत्स्त्रानेनिये' होतं, म्हणजे बाजूला सारणं, आणि तिकडचेही लोक या दोघांत गोंधळ घालतात. श्क्लोव्स्कीला वस्तू लांब ढकलायची नव्हतीच, उलट सवयीनं दिसेनाशी झालेली वस्तू परत दिसायला लावायची होती. मूळ शब्द 'स्त्रान्नी', म्हणजे विचित्र, चमत्कारिक. त्यात दोन 'न' आहेत आणि श्क्लोव्स्कीनं आपला शब्द लिहिताना एकच लिहिला! म्हातारपणी, १९८३च्या पुस्तकात, स्वतःच कबूल केलंय की व्याकरणाची चूक झाली, आणि तेव्हापासून तो शब्द कान कापलेल्या कुत्र्यासारखा जगभर धावतोय.

—

भारीच. पण मग 'विचित्रीकरण' का नको?

—

विचित्र म्हटलं की लोकांना वाटतं काहीतरी भयंकर करायचंय. त्याचं उदाहरण बघा ना, तोलस्तोयची 'खोल्स्तोमेर', घोडा गोष्ट सांगतो आणि त्याला 'माझं' हा शब्दच कळत नाही, माणसं जमिनीला माझी म्हणतात पण ती कधी पाहिलेलीही नसते, म्हणजे आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव असतं पण बांधावर कधी पाय पडलेला नसतो तसंच. यात विचित्र काहीच नाही, मालकी तीच, फक्त बघणारा नवखा. म्हणून मी 'नवखं करणं' म्हणेन.

—

'नवखं करणं'ला माझं मत. शिवाय हा माणूस काही खुर्चीतला प्राध्यापक नव्हता हेही लक्षात घ्या. जन्म १८९३, पीटर्सबर्ग. पहिल्या महायुद्धात चिलखती गाड्यांच्या तुकडीत, १९१७ला 'कला म्हणजे युक्ती' हा लेख, १९२२ला अटक टाळायला गोठलेल्या समुद्रावरून फिनलंडला पसार आणि मग बर्लिन. तिथं पुढे लेखिका झालेल्या एल्सा त्रिओलेवर प्रेम बसलं, तिनं अट घातली की पत्रात प्रेमाबद्दल लिहायचं नाही, त्याचं 'झू' पुस्तक झालं (१९२३), आणि शेवटचं पत्र थेट सोव्हिएत सरकारला, हात वर करतो, शरण येतो, परत येऊ द्या! तिच्या अटीत राहून प्रेम सोडून बाकी सगळ्याबद्दल लिहायचं हे मला त्याच्या सिद्धांताचं लेखापेक्षा चांगलं उदाहरण वाटतं.

—

परत आल्यावर त्यानं सिद्धांत सोडून दिला ना पण?

—

१९३०मध्ये 'एका वैज्ञानिक चुकीचं स्मारक' असा लेख लिहून माघार घेतली. रूपवादी, म्हणजे आशयापेक्षा रचनेकडे बघणारा, ही तेव्हा शिवीच होती, पोटासाठी सिनेमाच्या पटकथा, तोलस्तोयवर पुस्तकं असं चालू ठेवलं. मनापासून किती आणि भीतीनं किती यावर अभ्यासक अजून भांडतात, मला तो लेख अर्धवट माफीनामाच वाटतो. गेला १९८४ला, ९१ वर्षांचा होऊन, त्याआधी त्या शब्दाकडे परत आलाच होता.

—

ठरलं. पहिल्यांदा कंसात अपरिचितीकरण देतो म्हणजे परीक्षेवाले शोधू शकतील, पुढे सगळीकडे 'नवखं करणं'. आणि त्या लेखाच्या नावातल्या 'पिर्योम'ला युक्ती ठेवू की क्लृप्ती? क्लृप्तीत जरा लबाडी येते असं वाटतंय.

—

युक्तीच ठेवा.