जुन्या गाडीत पाणी येतंय कुठून? अनुभव सांगा (अनुभव धागा)

धागाकर्ता

मंडळी, गाडी दहा-बारा वर्षांची झाली की पावसाळ्यात एके सकाळी पाय ठेवल्यावर मॅट 'पचक्' करते आणि शोधाशोध सुरू होते. गंमत अशी की पाणी जिथे साठलेलं दिसतं तिथून ते आत आलेलं नसतंच बहुतेक वेळा. पत्र्याच्या घडीतून, वायरच्या अंगाने, कार्पेटखालून फिरत फिरत ते सगळ्यात खोलगट जागा गाठतं आणि आपण तिथलं रबर बदलत बसतो. तर पाणी कुठे दिसलं, खरं कुठून येत होतं आणि ते सापडलं कसं, एवढं लिहा. "सिलिकॉन मारून टाका" हा सल्ला कृपया नको, तो आमचा वॉचमनसुद्धा देतो.

सुरुवात मी करतो. २००९ ची सेडान, ड्रायव्हरशेजारच्या सीटपुढे पाणी. जून महिना, त्यामुळे सगळ्यांचा संशय पुढच्या काचेवर. काचवाल्याने कडेने काळं सीलंट भरलं, पैसे घेतले, पाणी चालूच. मग पावसाने दडी मारली, कडक ऊन पडलं, तरी मॅट ओली! म्हणजे पाणी आभाळातून येतच नव्हतं. आपल्या दमट हवेत एसी लावला की डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलवर भरपूर पाणी सुटतं, ते एका बारीक ड्रेन पाईपने गाडीखाली पडतं. एसी चालू ठेवून उभ्या केलेल्या गाडीखाली टपटप व्हायलाच हवं. माझ्या गाडीखाली ठणठणीत कोरडं. मेकॅनिकने गाडी वर घेऊन पाईपचं तोंड शोधलं, खालून हलकी हवा मारली, आधी काळा गाळ आला आणि मग त्याच्या शर्टवर धो धो पाणी. काम दहा मिनिटांचं, त्याने चहापाण्याचे पैसेसुद्धा नको म्हटलं.

दादरचा पाऊस

माझी केस झाडांची. पारसी कॉलनीत गाडी लावतो, पर्जन्यवृक्षाची बारकी पानं आणि मे महिन्यात सोनमोहोराच्या पिवळ्या पाकळ्या यांचा बोनेटवर सडा असतो, फोटोला छान. हा कचरा वायपरखालच्या प्लास्टिकच्या जाळीतून आत जातो आणि काचेखालच्या पन्हाळीत बसतो, गॅरेजवाले तिला काऊल म्हणतात. काचेवरचं सगळं पाणी तिथे जमा होऊन दोन्ही बाजूंच्या भोकांतून पुढच्या चाकांमागे पडायचं असतं. भोकं बुजली की पन्हाळीची टाकी होते, आणि त्याच पन्हाळीत केबिनची ताजी हवा आत घेणारं तोंड असतं, पाणी त्या उंचीला पोचलं की ब्लोअरमधून थेट आत.

लक्षणं लिहून ठेवा, कारण मला कोणीच सांगितली नव्हती. भरपूर पाऊस पडून गेल्यावरच पाणी, भुरभुर पावसात काही नाही. ब्लोअर चालू केला की पाणी हलल्यासारखा खळखळ आवाज. केबिन फिल्टर काढला तर तो भिजून लगदा झालेला. आणि वळणावर गाडी एका बाजूला कलली की एकदम भस्सकन पाणी पायावर, वडाळ्याच्या पुलावर बायकोची नवी चप्पल भिजली तेव्हा घरात हा विषय तातडीचा झाला.

तपासणी सोपी आहे. तांब्याभर पाणी काचेच्या खालच्या कोपऱ्यात ओता आणि चाकामागे लगेच पडतं का बघा, मग दुसऱ्या कोपऱ्यात. उशिरा पडलं किंवा पडलंच नाही तर भोक बुजलंय. साफ करायला वायपरचे हात काढावे लागतात, टोपीखाली नट असतो, मग प्लास्टिकच्या क्लिपा. जुन्या प्लास्टिकच्या क्लिपा तुटणारच, ऑपेरा हाऊसला किंवा कुर्ल्याला सीएसटी रोडवर चार जास्तीच्या आधीच घेऊन ठेवा. काही गाड्यांत भोकाच्या तोंडाशी रबराची चोच असते, कचरा नेमका तिथेच अडकतो. आता दर वर्षी मे संपायच्या आत साफ करून घेतो. झाडाखालून गाडी हलवणं शक्य नाही, दादरमध्ये पार्किंग मिळणं हेच भाग्य.

मुलुंडकर

+१. आमच्याकडे पानांऐवजी उंदराने आणलेल्या चिंध्या निघाल्या त्या पन्हाळीत. बाकी सेम टू सेम.

स्पॅनर ताई

दरवाजांबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. लोकांना वाटतं दरवाजात पाणी जाताच कामा नये. अहो, ते जातंच! काचेला बाहेरून जी रबर पट्टी असते ती पाणी पूर्ण अडवत नाही, थोडं पाणी काचेवरून दरवाजाच्या पोटात उतरतं आणि खालच्या कडेच्या भोकांतून बाहेर पडतं, तशीच रचना आहे. दरवाजाचं पॅड आणि पत्रा यांच्यामध्ये एक प्लास्टिकची शीट चिकटवलेली असते, ती पाण्याला आतल्या बाजूला येऊ देत नाही. आता गाडी पंधरा वर्षांची, म्हणजे पॉवर विंडोची मोटर एकदा तरी बदललेली, स्पीकर कुणीतरी नवे टाकलेले. प्रत्येक वेळी ती शीट ओरबाडून काढतात आणि परत लावताना "ये तो ऐसेही रहता है मॅडम".

माझ्या गाडीत मागच्या डाव्या सीटपुढे पाणी होतं आणि एका गॅरेजने मला खालचा पत्रा कापून नवा मारायचा अंदाज दिला होता! मी घरी येऊन उंबऱ्याच्या प्लास्टिक पट्टीवर, पॅडच्या खालच्या कडेला आणि सीटखाली वर्तमानपत्राचे तुकडे चिकटपट्टीने लावले, दार बंद केलं आणि धाकट्या भावाला फक्त काचेवर पाईप धरायला सांगितला, छतावर नाही, पुढच्या काचेवर नाही. पॅडखालचा कागद आधी भिजला. पॅड काढलं तर शीट खालून फाटून लोंबत होती, पाणी तिच्यावरून सरळ घरात. जाड प्लास्टिक कापून काळ्या बुटाईल टेपने चिकटवलं, खालची कड पत्र्याच्या खाचेत आत वळवली (हे महत्त्वाचं, कड बाहेर राहिली तर काही उपयोग नाही). फेविबॉन्ड वगैरे वापरू नका, पुढच्या वेळी उघडायची वेळ आली की रडाल.

आणि दार जोरात लावल्यावर आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला तर शीट बघायच्या आधी दरवाजाच्या खालच्या कडेची भोकं टोकरा. टोकदार स्क्रूड्रायव्हर नको, रंग खरवडला की तिथून गंज सुरू. केबल टाय वापरा.

खडूस काका

एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा विकून टाका. पंधरा वर्षांनी आरसी रिन्यू करा, हरित कर भरा, वर हे पाणी उपसा.

स्पॅनर ताई

काका, माझा खर्च एका टेपच्या रोलचा झाला. नव्या गाडीचा हप्ता तुम्ही भरणार असाल तर आजच विकते.

गरमागरम वडा

डिकीवाले हात वर करा. स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी, स्टेपनी तरंगायची बाकी. डिकीच्या रबरावर दोष आला, नवीन रबर टाकलं, फरक शून्य. मागची सीट पाडून मी स्वतः टॉर्च घेऊन आत झोपलो, मुलाने बाहेरून पाणी मारलं, डाव्या टेललाइटच्या मागून थेंब ओघळताना दिसला. लाइटमागचं फोमचं गॅस्केट दगडासारखं कडक झालेलं. पार्किंगमध्ये कोणीतरी टेकवली होती तेव्हा डेंटरने लाइट काढून परत लावला होता, तेव्हापासूनच असणार. रबर तपासायचा सोपा उपाय: कागदाची पट्टी दारात धरून दार बंद करा आणि ओढा. सहज सरकली तर तिथे रबर चेपलंय, अडकली तर रबराला उगाच बदनाम करू नका.

छतावरच्या दोन लांब पट्ट्या असतात ना, त्यांच्याखालचं सीलंटही तडकतं, आणि अँटेनाच्या बुडाचं रबरही. छताच्या कापडावर पिवळट डाग दिसला की तिकडे बघा.

पर्ल पाँड

एक सावधगिरीची गोष्ट. पाणी हाताला बुळबुळीत लागलं, किंचित गोडसर वास आला आणि काच आतून तेलकट धुरकट होत असेल तर ते पाणी नाही, कूलंट आहे, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव. मुंबईत हीटर कोण लावतो, पण हीटरची कॉइल डॅशबोर्डखाली असतेच आणि बऱ्याच गाड्यांत तिच्यातून गरम कूलंट सतत फिरत असतं. बोनेट उघडून बाटलीतली पातळी बघा, ती उतरत असेल तर शंकाच नको. कूलंट विषारी असतं, चव बिव घेऊन बघू नका आणि ओल्या मॅटजवळ पोरांना, मांजरांना फिरकू देऊ नका.

गॅरेजवाले दोन्ही पाईप बाहेरच एकमेकांना जोडून कॉइल बायपास करतात, घरी पोचायला ठीक आहे. पण मग पावसात काचेवरची वाफ घालवायला गरम हवा मिळत नाही, आणि घाटात गेलात की कळतं ती किती लागते.

लोकल सोडून

आमचा प्रॉब्लेम वरून नाही, खालून. हिंदमाता किंवा मिलन सबवेला चाक अर्धं बुडेल एवढ्या पाण्यातून गाडी काढली की मागे पाणी. एरवी कितीही पाऊस पडो, कोरडं. गाडी वर घेतली तर फ्लोअरच्या पत्र्यातला एक रबरी बूच गायब. फॅक्टरीत रंगकामाच्या वेळी पाणी निथळायला भोकं ठेवलेली असतात, त्यांना हे बूच बसवतात. वॉशिंग सेंटरवाले आतलं पाणी काढायला बूच उपटतात आणि परत लावायचं विसरतात. तसंच अलार्म, अँप्लिफायर बसवताना वायर आत न्यायला फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) पाडलेलं भोक, त्याला ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेला बसणारं रबराचं कडं, आहे का बघा. आमच्यात तिथे नुसती इन्सुलेशन टेप गुंडाळली होती.

सेकंडहँड घेणाऱ्यांनी सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढून बघावा, शेवटच्या वितीवर मातीची रेघ असेल तर गाडी पाण्यात उभी होती. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला, त्यानंतर बऱ्याच बुडालेल्या गाड्या चकाचक होऊन बाजारात फिरत होत्या, माझ्या मामाने हा बेल्टचा उपाय तेव्हापासून धरलाय.

वरळी सीफेस

आमच्याकडे बाबांची जुनी फियाट होती, म्हणजे पद्मिनी. तिला गळती नव्हती, तिला खिडकीच होती, मॅट उचललं की खाली रस्ता दिसायचा. समुद्राची खारी हवा, त्यात मॅटखालच्या तागाच्या पट्ट्या वर्षभर दमट, पत्रा आतून बाहेर सडत आला. ज्याला वरून दोन फोड दिसतात त्याने खालून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघावं, आवाज बद्द आला की समजा. तेव्हा टॅक्सीवाल्यांमुळे असा पत्रा जोडणारे हात गल्लोगल्ली होते. काळी-पिवळी म्हणून शेवटची पद्मिनी २००३ च्या ऑक्टोबरमध्ये रजिस्टर झाली, टॅक्सीला वयाची मर्यादा २० वर्षं, त्यामुळे २०२३ ला त्या रस्त्यावरून गेल्या आणि आता ते काम येणारा माणूस शोधत फिरावं लागतं.

सनरूफचा शौक

सनरूफवाल्यांनो, तुमच्या काचेभोवती एक पन्हाळ आहे आणि कोपऱ्यांतून निघालेल्या नळ्या खांबांमधून खाली जातात. नळी बुजली की छताच्या दिव्यातून पाणी. गॅरेजमधला मोठा कॉम्प्रेसर लावू नका, आत कुठेतरी नळी जोडावरून सुटली तर अख्खं छताचं कापड उतरवावं लागतं. गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी हळूहळू सरकवा.

दादरचा पाऊस

वाळवण्याबद्दल राहिलं. कार्पेट वरून हाताला कोरडं लागतं, पण खालचा जाड फोम पाणी धरून बसतो आणि चार दिवसांनी कुबट वास, मग बुरशी. सीट काढून कार्पेट उचलल्याशिवाय सुटका नाही. सीट काढायच्या आधी इग्निशन बंद, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा, थोडा वेळ थांबा, आणि सीटखाली पिवळा कनेक्टर दिसला तर तो एअरबॅगचा, त्याला माहीतगार माणसालाच हात लावू द्या. फोम निघत असेल तर घरी नेऊन पंख्याखाली उभा करा, जुलैत गाडीत ठेवून तो कधीच वाळणार नाही. कपाटात ठेवायचे ते ओल शोषणारे डबे एवढ्या पाण्याला पुरत नाहीत.

नवीन सभासद

माझ्या गाडीत फक्त सोसायटीच्या उतारावर लावली की पुढे उजवीकडे पाणी येतं, ऑफिसच्या सपाट पार्किंगमध्ये कितीही पाऊस पडो, काही नाही. काय असेल?

धागाकर्ता

उतारावर तोंड खाली की वर? तोंड खाली असेल तर काऊलमधलं पाणी एका टोकाला साचत असणार, किंवा छतावरून येणारं पाणी काचेच्या वरच्या कोपऱ्यात थांबत असेल. गाडी त्याच उतारावर तशीच उभी करून तपासा, सपाट जागी करून काही सापडणार नाही. साधा पाईप घ्या, प्रेशर गन नको, ती चांगल्या रबरातूनही पाणी आत ढकलते. खालून सुरुवात करा: आधी उंबरा, मग दार, मग काचेची खालची कड, मग वरची, शेवटी छत. प्रत्येक जागी काही मिनिटं थांबा. वरून सुरू केलंत तर पाणी सगळीकडूनच ओघळतं आणि काहीच कळत नाही. आत एक माणूस टॉर्च घेऊन हवाच.

नवीन सभासद

तोंड खालीच असतं. रविवारी करतो, बायकोला टॉर्च देऊन आत बसवतो.

स्पॅनर ताई

वहिनींच्या हातात पाईप द्या आणि तुम्ही आत बसा.