किलोमीटरले किती पडते? विदर्भातल्या खेड्यांत इलेक्ट्रिक कार चालवणाऱ्यांचे अनुभव

इलेक्ट्रिक कार पाहायला गेलं की शोरूमवाला पहिलंच वाक्य सांगतो: किलोमीटरला एक रुपया. आपल्याकडे पेट्रोल लिटरला 104-105 रुपये आहे आणि साधी कार गावच्या रस्त्यावर 16-17 चा अ‍ॅव्हरेज देते. म्हणजे पेट्रोलवर किलोमीटरला सहा रुपयांच्या वर जातात. एकीकडे एक, दुसरीकडे सहा, हे ऐकून कोणाचंही मन हलेल. पण तो एक रुपया कोणत्या युनिट दराने काढला, हे विचारायला हवं. घरगुती बिलात पहिल्या 100 युनिटांचा दर कमी असतो, 101 ते 300 चा जवळपास दुप्पट, 300 च्या पुढे आणखी चढा आणि 500 नंतर त्याहूनही जास्त. पंखे, फ्रीज, पाण्याची मोटर यांत खालचा स्वस्त टप्पा आधीच संपलेला असतो. गाडीच्या वाट्याला येते ती वरच्या टप्प्यातली महाग वीज.

नागपूर-अमरावतीसारख्या शहरांतले अनुभव पुष्कळ वाचायला मिळतात. खेड्यातले मिळत नाहीत, आणि गाडी घ्यायची की नाही हा प्रश्न आता तालुक्या-तालुक्यात विचारला जातोय. म्हणून हा धागा. आपला तालुका, महिन्याचं अंतर, गाडी कुठे चार्ज होते आणि बिलात किती वाढ झाली, एवढं तरी जरूर लिहा. गाडी न घेण्याचं ठरवलं असेल तर तेही लिहा.

माझ्यापासून सुरुवात करतो. मी दारव्हा तालुक्यात शिक्षक आहे, अपडाऊन धरून गाडी महिन्याला साधारण 1,300 किलोमीटर चालते. भिंतीवरच्या मीटरने मोजलं तर एका युनिटात साडेसहा किलोमीटर होतात. गाडीच्या पडद्यावर याहून चांगला आकडा दिसतो, पण चार्ज होताना दहा-बारा टक्के वीज वाया जाते आणि बिल मीटरवर येतं, पडद्यावर नाही. म्हणजे महिन्याला 200 युनिट वाढली. सगळे कर-आकार धरून मला युनिट तेरा रुपयांच्या आसपास पडतं, तेव्हा खर्च 2,600. पेट्रोलवर हेच अंतर 8,000 च्या वर गेलं असतं. मे महिन्यात दोन कूलर सुरू असतात, घरचाच वापर 200 युनिटांवर जातो आणि गाडीची निम्मी वीज 300 च्या वरच्या टप्प्यात शिरते. तेवढीच गाडी चालवूनही खर्च तीन हजारांवर जातो. तरीही पेट्रोलच्या निम्म्याहून बराच कमी. मला परवडली, पण किलोमीटरला दोन रुपये ते अडीच रुपये या दराने. एक रुपया मी अजून पाहिलेला नाही.

आता तुमचे हिशेब येऊ द्या.

वरूड तालुका, संत्र्याची बाग

सर, तुमचा हिशेब नोकरदाराचा झाला. कास्तकाराची गाडी दुपारी घरीच राह्यते, अन् ऊनही तवाच राह्यते. मी छतावर तीन किलोवॅटचं सोलर बसवलं. पीएम सूर्यघर योजनेतून 78,000 रुपये अनुदान भेटलं, बाकीचे पदरचे लाखाच्या वर गेले. उन्हाळ्यात रोज बारा-तेरा युनिट बनते. घर अन् गाडी दोन्ही त्यातच भागते. झड लागली की चार-पाच युनिटांवर येते, मंग बिल येते, पण नेट मीटर असल्यानं आधी पाठवलेली वीज वजा होते.

पेट्रोलसाठी मी वरूडले जात होतो, मोर्शीले गेलो तं तिथं टाकत होतो. आंबिया बहाराच्या टायमाले व्यापारी, मजूर, फवारणीची औषधं यांच्यामागं गाडी दिवसभर फिरते. तवा पेट्रोलचा आकडा पाहून जीव घाबरा व्हायचा. आता सोलरचे पैसे वसूल व्हाले पाच-सहा वर्षं लागतीन असा अंदाज हाय. त्यानंतर फक्त टायर अन् विमा.

एक गोठ सगळ्यायले सांगतो. साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपाले बिल माफ हाय म्हणून काही जण म्हणते, वावरातल्याच लाईनवर लाव ना गाडी. लावू नका. ती वीज पिकाच्या पाण्यासाठी देली हाय. दुसऱ्या कामाले वापरली तं वीज कायद्याच्या कलम 126 खाली दुप्पट दरानं आकारणी होते. अन् वावरातली लाईन तशीही आठ तासाची, कधी दिवसा तं कधी रात्री. ती ओलिताले पुरत नाही, तिच्यात गाडी कुठं घालता?

धागाकर्ता

भाऊ, पंपाच्या लाईनीचं स्पष्ट लिहिलंत हे फार बरं केलं. हा सल्ला मला दोन वेगवेगळ्या गावांत मिळाला होता आणि देणारे दोघंही मनापासून देत होते.

हिंगणघाट, भाड्याची गाडी

माझं पोट गाडीवर आहे, म्हणून मी रुपया-रुपया लिहून ठेवतो. रात्री घरी चार्ज केली की किलोमीटरला दोन रुपये. हायवेवरच्या फास्ट चार्जरवर युनिटचा दर वीसच्या आसपास, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे किलोमीटर साडेतीन ते चार रुपयांवर जातो. नागपूरची एकच फेरी असली तर घरच्या चार्जवर भागते आणि दिवस चांगला जातो. चंद्रपूरचं भाडं वरून लागलं तर मधे चार्ज करावंच लागतं.

पैशापेक्षा वेळ जास्त जातो. सीटा गाडीत बसलेल्या असतात, त्यात कोणाला दवाखाना गाठायचा असतो, कोणाला कोर्टाची तारीख. त्यांना पाऊण तास थांबा म्हणणं मला जमत नाही. म्हणून मी जेवणाची वेळ तिथेच लावतो आणि भाडं ठरवतानाच सांगून टाकतो. उन्हाळ्यात आणखी एक अडचण असते. पारा 45 वर असताना दुपारी फास्ट चार्जिंगला लावली तर बॅटरी तापते आणि गाडी स्वतःच करंट कमी करते. पाऊण तासाचा सव्वा तास होतो. मे महिन्यात मी सकाळी दहाच्या आत नाहीतर दिवस मावळल्यावरच लावतो. चार्जर बंद सापडला असंही घडलं आहे. तेव्हापासून पुढच्या चार्जरपर्यंत पुरेल एवढी बॅटरी राखूनच चालतो.

2022 मध्ये नागपुरात सीएनजी किलोला 120 रुपयांवर गेला होता, तेव्हा आमच्या स्टँडवरचे कितीतरी जण सीएनजी किट बसवून फसले. विजेचा दरही वाढतो, पण एका रात्रीत असा उडी मारताना मी पाहिला नाही.

मेहकर, बुलडाणा जिल्हा

थोडक्यात लिहिते. गावातल्या रस्त्यांवर साठच्या वेगाने आमची गाडी युनिटला सात किलोमीटर देते. समृद्धीवर 110-120 ने पळवली की पाचही कठीण. नव्वदला धरून ठेवली तर सहा मिळतात. राज्याच्या 2025 च्या ई-वाहन धोरणात समृद्धीवर इलेक्ट्रिक कारला टोलमाफी आहे. लांबच्या प्रवासात टोलची ही बचत चार्जिंगच्या बचतीपेक्षा मोठी ठरू शकते, ती हिशेबात वेगळी लिहा. दोन्ही एकत्र केले की गाडीचं श्रेय टोलला जातं आणि टोलचं गाडीला.

कारंजा (लाड), किराणा दुकान

मी घेतली नाही. का ते सांगतो. ज्या गाड्या मी पाहिल्या त्यांच्यात पेट्रोल आणि इलेक्ट्रिक यांचा फरक तीन लाखांच्या घरात होता. किलोमीटरमागे चार रुपये वाचतात असं धरलं तर तीन लाख वसूल व्हायला 75,000 किलोमीटर चालवायला हवी. माझी गाडी महिन्याला पाचशे किलोमीटर चालते. म्हणजे बारा वर्षांवर. बॅटरीची वॉरंटी बहुतेक ठिकाणी आठ वर्षांची. त्यात कर्जाचं व्याज मी धरलेलंच नाही.

दारव्ह्याच्या सरांना परवडली कारण ते 1,300 चालवतात. ज्याची गाडी लग्नकार्याला आणि आठवडी बाजारालाच निघते त्याने दुसऱ्याचं पाहून घेऊ नये.

धागाकर्ता

आपला हिशेब अगदी बरोबर आहे आणि तो इथे असायलाच हवा होता. माझा फरक साडेचार-पाच वर्षांत निघेल असं दिसतं, तेही अंतर असंच राहिलं तर. बदली जवळच्या शाळेत झाली तर गणित बदलेल.

अहेरी तालुका, गडचिरोली

आमच्याकडे पेट्रोलचा भाव पंपावर थांबत नाही. पंप लांब. आतल्या गावांत किराणा दुकानात बाटलीने पेट्रोल मिळतं, लिटरमागे वीस-तीस रुपये जास्त देऊन. ते देतानाही कोणी कुरकुर करत नाही, कारण पंपावर जाऊन-येऊन त्याहून जास्त जळतं.

त्यामुळे विजेची गाडी इथे सर्वांत जास्त उपयोगाची ठरायला हवी होती. पण जिल्ह्याच्या गावाला जायचं तर शंभर किलोमीटरच्या वर अंतर, मधे जंगल, आणि पावसाळ्यात वादळ आलं की झाड पडून लाईन जाते ती कधी दुसऱ्या दिवशी येते. मी कार घेतली नाही, इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. तीन युनिटांच्या आसपास बॅटरी, एका चार्जमध्ये आजूबाजूची गावं होतात. महिन्याचा वापर घरच्या पहिल्या शंभर युनिटांतच बसतो, त्यामुळे खर्च खरोखर नगण्य आहे. किलोमीटरला चाराण्याच्या आत. तालुक्याच्या ठिकाणी एक भरवशाचा चार्जर झाला तर पुढची गाडी नक्की विजेची.

घुग्घुस परिसर, चंद्रपूर

सगळे रुपयांत लिहीत आहेत, मी दुसरं लिहिते. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता 2,920 मेगावॅट आहे. कोळसा आमच्या उशाशी खणला जातो, इथेच जळतो, आणि सकाळी अंगणातल्या तुळशीवर काळा थर असतो. वीज राज्यभर जाते. गाडी विजेवर आली की शहरातला धूर कमी होतो, ते चांगलंच आहे, पण त्या विजेचा धूर आमच्या वाट्याला येतो. आमच्या घरी गाडी घ्यायची ठरली तेव्हा मी अट घातली की आधी सोलर, मग गाडी. थोडं थांबावं लागलं. आता चार्जिंगचं बिल जवळजवळ शून्य आहे, आणि आपल्या गाडीसाठी इथे आणखी कोळसा जळत नाही याचं समाधान त्या बिलापेक्षा मोठं आहे. ज्यांना जमेल त्यांनी याच क्रमाने करावं असं मला फार वाटतं.

परतवाडा, वायरमन

गाड्यांचे चार्जर बसवून देतो, म्हणून दोन शब्द. खेड्यातल्या जुन्या घरांचा मंजूर भार बहुधा एक किलोवॅट असतो. पंधरा अँपिअरच्या सॉकेटवरचा साधा चार्जरच तीन किलोवॅटच्या वर ओढतो. आधी भार वाढवून घ्या, मीटरपासून सॉकेटपर्यंत चार एमएमची तांब्याची वायर नवीन ओढा, एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच) आणि आरसीसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) वेगळे ठेवा.

अर्थिंगकडे कोणी लक्ष देत नाही. काळ्या मातीला उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात, खड्डा कोरडा होतो, आणि पावसाळ्यात व्यवस्थित चार्ज होणारी गाडी एप्रिलमध्ये अर्थ फॉल्ट दाखवून बंद पडते. लोक गाडीला दोष देतात. खड्ड्यात पाइप ठेवा, उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी ओता.

दर्यापूर, पऱ्हाटी-तूर

दादा, एक विचारतो. आम्ही दोघं भाऊ एकाच वाड्यात राहतो, मीटर एकच हाय. दोन केले तं शंभर युनिटांचा स्वस्त टप्पा दोनदा भेटन का?

परतवाडा, वायरमन

चूल खरोखर वेगळी असेल आणि ग्रामपंचायतीच्या घरपट्टीवर तुमचा हिस्सा वेगळा लागला असेल तर दुसऱ्या मीटरचा अर्ज करा, दोघांचा टप्पा वेगळा मोजला जाईल. नुसता टप्पा वाचवायला एकाच घरात दोन मीटर मागू नका, तपासणीत अडचणीत याल. आणि गाडी ज्याच्या भागात उभी राहते त्याच्याच मीटरवर लावा. भावाभावांत पुढे बिलावरून बोलणं नको.