प्रतिसाद: 'बंदीच्या सुट्टी'नंतर कामावर घेतलं नाही

वर कुणीतरी म्हटलंय, मासेमारी बंदीत दोन महिने घरी बसवतात म्हणून सलग नोकरी धरत नाहीत. हे खरं नाही. माझा चुलतभाऊ रत्नागिरीजवळ एका मासळी प्रक्रिया कारखान्यात सात वर्षं होता. २०१७ च्या मेअखेर 'जून-जुलै बंदी, ऑगस्टला या' म्हणाले, ऑगस्टला गेटवरूनच परत पाठवला. ना नोटीस, ना पैसे.

तेव्हाच्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात मागच्या बारा महिन्यांत २४० दिवस काम भरलं की वर्ष सलग धरत. उरलेल्या दहा महिन्यांत रविवार सोडूनही साधारण २६० दिवस होतात. मग कामगाराला कामावरून कमी करायचं तर महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार. सात वर्षांचे १०५ दिवस झाले. ग्रॅच्युइटी वेगळी.

हे न देता काढलं तर काढणंच बेकायदा ठरतं. पण म्हणून नोकरी परत मिळेलच असं नाही, रोजंदारीवाल्यांना बरेचदा एकरकमी भरपाईच मिळते. काढल्यापासूनचा मागील पगार मागताना 'दुसरीकडे कमाई नव्हती' असं शपथेवर सांगावं लागतं. आमचा गडी मध्ये होडीवर जात होता, तेही कबूल करावं लागलं!

हजेरीकार्ड, पीएफ पासबुक जपा. कोऱ्या कागदावर सही नको. आणि उशीर नको: कामगार न्यायालयात जायला तेव्हा तीन वर्षं होती, नव्या औद्योगिक संबंध संहितेत दोनच आहेत.