मदत हवी आहे: सोन्याच्या कणांचा रामन सिग्नल पेशींत गायब

पेशी_आणि_मी:
जरा लवकर उत्तर द्या, प्लीज. सोन्याचे नॅनोकण केलेत, त्यांवर 4-मर्कॅप्टोबेंझोइक ॲसिड चढवलंय. लेसर मारला की त्या ॲसिडचे रेणू थोडा प्रकाश तरंगलांबी बदलून परत टाकतात, तोच रामन सिग्नल. कुपीत त्याचे 1076 आणि 1587 cm⁻¹ चे पीक खणखणीत येतात. हेला पेशींना (लॅबमध्ये वाढवतात त्या माणसाच्या कर्करोगाच्या पेशी) दिले, धुतले, मायक्रोस्कोपखाली ठेवले की नुसता फुगवटा. सोमवारी गाईडना आकृती दाखवायची आहे. लेसरची पॉवर वाढवू की वेळ?

नाना_पिपेट:
पॉवर वाढवू नका, पेशी भाजतील. कण केवढे? लेसर कुठला? डिश कसली? कुपीत मोजताना आणखी काय घातलं होतं?

पेशी_आणि_मी:
नेहमीचेच हो, सिट्रेटवाले. लेसर 785 नॅनोमीटरचा.

नाना_पिपेट:
नेहमीचे म्हणजे काय? सिट्रेट कमी घातलं की कण मोठे होतात. माप सांगा.

चांदीवाला:
सोनं सोडा, चांदी घ्या. सिल्व्हर नायट्रेट उकळायचं, सिट्रेट ओतायचं, झालं. सिग्नल सोन्यापेक्षा जोरदार. 1974 मध्ये साउदॅम्प्टनला फ्लाइशमन मंडळींना पिरिडीनचा सिग्नल दिसला तोही खरखरीत चांदीच्या इलेक्ट्रोडवरच.

नाना_पिपेट:
इलेक्ट्रोडला जीव नसतो. चांदीचे आयन सुटले की पेशींचं काय होतं ते बघितलंय मी.

चांदीवाला:
वरून सिलिका चढवा की! आम्ही चढवतो.

उगाच_आपलं:
अवांतर: सुवर्णभस्मातही नॅनोकण असतात म्हणे. मग बाळाला चाटवायला हरकत नाही ना?

नाना_पिपेट:
वैद्यांना विचारा. आणि वेगळा धागा काढा.

पेशी_आणि_मी:
कण 40 नॅनोमीटरचे. कुपीत थोडं मीठ घातलं होतं, ते सगळेच घालतात. पेशींना दिलेल्या कणांवर पेग (पॉलिएथिलीन ग्लायकॉलचा लेप) आहे. डिश काचेच्या तळाची. आता सांगाल का?

वैदेही_बंगळूर:
मीठ आणि पेग! इथेच ग्यानबाची मेख आहे, आणि हे तू आत्ता सांगतेस. मिठाने सिट्रेटचा ऋणभार झाकला जातो, कण एकमेकांना चिकटतात, लाल द्रावण निळसर होतं. झालं होतं ना? दोन कणांमधल्या चिंचोळ्या फटीत विद्युतक्षेत्र प्रचंड वाढतं आणि तुझे खणखणीत पीक बहुतेक तिथलेच. पेगने नेमकं हे चिकटणं थांबवलं, ते त्याचं कामच आहे. सुट्या 40 नॅनोमीटरच्या गोल कणाचा प्लाझ्मॉन, म्हणजे प्रकाशाने सोन्यातले इलेक्ट्रॉन एकत्र डोलणं, 530 नॅनोमीटरच्या आसपास. त्याला 785 चा लेसर मारून फारसं काय मिळणार?
पेगवाले कण मीठ न घालता, पेशींशिवाय कुपीत मोज. तिथेही सपाट आलं तर पेशींना बोल लावू नकोस. आणि फुगवटा 1400 च्या जवळ असेल तर तो काचेचा. क्वार्ट्झ घे, नाहीतर कॅल्शियम फ्लुओराइड. त्याची 322 ला एकच रेघ येते, ती तुझ्या पीकपासून लांब आहे.

पेशी_आणि_मी:
हो, निळं झालं होतं. फुगवटा 1400 लाच आहे. 1003 ला एक बारीक टोकही आहे, ते काय?

वैदेही_बंगळूर:
फिनाइलअलानिन. पेशींतल्या प्रथिनांचं. म्हणजे फोकस पेशीवर आहे, कण मात्र बोलत नाहीयेत. तू सरळ नॅनोस्टार, म्हणजे चांदणीसारखे टोकदार कण, कर. टोकांमुळे प्लाझ्मॉन 785 च्या जवळ नेता येतो, कण चिकटायची गरजच नाही.

नाना_पिपेट:
नॅनोस्टारची टोकं ठेवल्या ठेवल्या बोथट होतात आणि दर बॅच वेगळी. सोमवारपर्यंत ते होणं नाही. 633 चा लेसर असेल तर मॅलाकाइट ग्रीन आयसोथायोसायनेट लावा. तो रंग त्या लेसरला शोषतो, त्यामुळे सुटा कणही दिसतो. कण 60 चे घ्या. आधी रंग, मग पेग. उलटं केलंत तर रंगाला बसायला जागा उरत नाही.

चांदीवाला:
नाहीतर सोन्याच्या कणावर चांदीचं कवच.

वैदेही_बंगळूर:
दादा, तुम्ही काही चांदी सोडत नाही.

उगाच_आपलं:
28 फेब्रुवारी 1928 ला कोलकात्यात रामन परिणाम सापडला, म्हणून त्या दिवशी विज्ञान दिन असतो. किती जणांना माहीत आहे?

नाना_पिपेट:
या धाग्यावर? सगळ्यांना.

पेशी_आणि_मी:
पेगवाले कुपीत मोजले. जवळपास सपाट. 633 शेजारच्या लॅबमध्ये आहे, बुकिंग गुरुवारचं मिळालंय. गाईडना सोमवारी फक्त मीठ असलेल्या आणि नसलेल्या कुपीची तुलना दाखवते. पुण्यात कुणाकडे मॅलाकाइट ग्रीन आहे का?

नाना_पिपेट:
आयसोथायोसायनेटवालंच मागा. साधं सोन्याला नीट धरत नाही. आणि डिश बदला, ती अजून काचेचीच आहे ना?